ठासणीच्या रायफलीत किटण कमी करायचं, तर प्रायमर कसा निवडावा

ठासणीच्या बंदुका वापरणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे: प्रायमर (दणक्याने पेटून दारूला आग लावणारी छोटी डबी) जितका गरम, म्हणजे त्याची ज्वाळा जितकी जोराची, तितकी दारू चांगली पेटते, आणि दारू जितकी चांगली पेटते तितकी नळी स्वच्छ राहते. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे. दुसरं बऱ्याचदा उलट घडतं. काही दारूंच्या बाबतीत गरम प्रायमरच नळीत दगडासारखं कडं तयार करतो. दुसऱ्या काही दारू मात्र सौम्य प्रायमरवर नीट पेटतच नाहीत. त्यामुळे ‘सर्वांत चांगला प्रायमर कोणता’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी दारू ठरवायची, मग प्रायमर, आणि प्रायमरचं नाव पक्कं करण्याआधी तो आपल्या ब्रीच प्लगमध्ये (नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या बुचात) नीट बसतो का ते पाहायचं. पुढचं सगळं याच क्रमाने सांगतो.

हा लेख मुख्यतः २०९ आकाराच्या प्रायमरवर चालणाऱ्या इनलाइन रायफलींसाठी आहे, म्हणजे ज्यांत प्रायमर नळीच्या सरळ रेषेत मागे बसतो. केपेवर (दणक्याने पेटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीवर) चालणाऱ्या बाहेरच्या घोड्याच्या बंदुकांबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. चकमकीच्या बंदुकीत प्रायमर नसतोच, म्हणून ती इथे नाही.

आधी किटण कुठे साठतं ते बघा

‘बंदूक फार घाण होते’ ही तक्रार ऐकली की मी पहिला प्रश्न विचारतो, नेमकी कुठे? कारण घाण तीन वेगवेगळ्या जागी साठते आणि प्रत्येकीचं कारण वेगळं असतं.

पहिली जागा म्हणजे संपूर्ण नळी. काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती जळते तेव्हा वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घन क्षारांच्या रूपात मागे उरतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि सल्फेट हे त्यातले मुख्य. नळीभर पसरणारा काळा, ओलसर थर तो हाच. प्रायमर बदलून हा थर जात नाही. तो दारूचा धर्म आहे. त्यावर उपाय नळीतून फिरवायच्या चिंधीचा, प्रायमरचा नाही.

दुसरी जागा ब्रीचजवळची, साधारण गोळीचा बुंधा टेकतो तिथली. तिथे कडक, खरबरीत वलय जमतं. पहिली गोळी उडवल्यावर दुसरी ठासताना गज सहज खाली जातो आणि शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरवर एकदम अडतो, तेव्हा समजायचं की किटणाचं कडं तयार झालं आहे. ट्रिपल सेव्हन ही काळ्या दारूऐवजीची दारू वापरणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक असतं. प्रायमरच्या निवडीने खरा फरक पडतो तो इथे.

तिसरी जागा नळीच्या बाहेर: ब्रीच प्लगचा प्रायमर बसतो तो खळगा, ज्वाला जाते ती वाट, घोड्याचा किंवा बोल्टचा दर्शनी भाग, आणि बऱ्याचदा दुर्बिणीची खालची बाजू. इथली काजळी म्हणजे प्रायमरच्या कडेने मागे सुटलेला वायू. दोष प्रायमरच्या ताकदीपेक्षा त्याच्या बसण्यात असतो.

आपली अडचण तीनपैकी कोणती, ते ठरवल्याशिवाय प्रायमरचे चार डबे आणून ठेवण्यात अर्थ नाही.

पहिली पायरी: दारूवरून प्रायमरची ताकद ठरवा

खरी काळी दारू फार लवकर पेट घेते. तिला मोठ्या ज्वाळेची गरज नाही. ११ नंबरच्या साध्या केपेवरही ती बिनतक्रार पेटते. पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता लागते, आणि त्यांच्यातही आपसांत बराच फरक आहे. सगळा खेळ या फरकाचा आहे.

काळी दारू इनलाइन रायफलीत वापरत असाल तर उपलब्ध २०९ प्रायमरांपैकी सौम्य निवडा. इथे गरम प्रायमरने काहीही मिळत नाही. उलट प्रायमरची स्वतःची काजळी त्यात भर घालते.

पायरोडेक्स या पर्यायी दारूला काळ्या दारूपेक्षा थोडी जास्त उष्णता लागते, पण मधल्या ताकदीचा २०९ पुरेसा होतो. पायरोडेक्सच्या दाबून घडवलेल्या वड्या (पेलेट) वापरत असाल तर त्यांच्या एका टोकाला काळ्या दारूचा पातळ थर असतो. गडद दिसणारं हे टोक ब्रीच प्लगकडे ठेवायचं. ते उलटं गेलं तर प्रायमर कितीही गरम असो, पेट उशिरा घेणार. प्रज्वलनाच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात, असं मला वाटतं.

ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, पाण्याने ती सहज धुतली जाते, वासही कमी. पण किटणाच्या कड्यासाठी तीच बदनाम आहे. जाणकारांमध्ये मानलं जाणारं कारण असं: २०९ प्रायमर मुळात शॉटगनच्या काडतुसासाठी बनवलेला आहे, म्हणजे त्याची ताकद इथल्या गरजेहून पुष्कळ जास्त. त्याचा झोत दारू पुरती पेटण्याआधीच तिला आणि गोळीला किंचित पुढे ढकलतो. चुलीत नुकतीच ठिणगी धरत असताना फुंकणीने जोरात फुंकलं तर जाळ होण्याआधी काटक्याच विस्कटतात, तसं काहीसं. दारू विस्कटली की ती एकसारखी जळत नाही आणि गोळीच्या बुंध्याजवळ वितळलेला अवशेष नळीला चिकटून तिथेच घट्ट होतो. म्हणून ट्रिपल सेव्हनसाठी नियम सोपा आहे: जो सर्वांत सौम्य प्रायमर दरवेळी खात्रीने पेटवतो, तो घ्या. विंचेस्टरने खास या दारूसाठी कमी ताकदीचा २०९ प्रायमर काढला, तो याच कारणाने. रेमिंग्टनने क्लीनबोअर नावाने ठासणीच्या बंदुकांसाठी जो वेगळा २०९ काढला, त्याचाही हेतू तोच.

ट्रिपल सेव्हनबद्दल आणखी एक गोष्ट सोबत सांगायला हवी, कारण ती प्रायमरशी गुंतलेली आहे. ती काळ्या दारूपेक्षा जोरकस असते. तेवढाच वेग हवा असेल तर मापाने सुमारे १५ टक्के कमी भरावी, असं तिचे उत्पादक हॉजडन सांगतात. बरेच जण काळ्या दारूचंच माप तसंच भरतात आणि मग कड्याबद्दल कुरकुरतात. प्रायमर बदलण्याआधी माप तपासा, ते फुकटात होतं.

ब्लॅकहॉर्न २०९ ही मात्र वेगळ्याच जातीची दारू. ती नायट्रोसेल्युलोजवर आधारित आहे, ओल धरत नाही, नळीत अवशेष फार थोडा सोडते आणि दोन फैरींच्या मध्ये चिंधी फिरवायची गरज सहसा पडत नाही. पण पेटायला ती हट्टी आहे. तिला गरम प्रायमरच हवा: फेडरल २०९ए किंवा सीसीआय २०९एम. ट्रिपल सेव्हनसाठी काढलेले सौम्य प्रायमर तिला अजिबात चालत नाहीत, आणि ११ नंबरची किंवा मस्केट केपही नाही. शिवाय ब्रीच प्लगही तिला जुळणारा लागतो. ज्वालेची वाट लांब किंवा प्लगचं दारूकडचं तोंड अरुंद असेल तर उष्णता दारूपर्यंत पोचेतो मंदावते. मग चाप ओढल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि नंतर बार उडतो. अशी उशिराची फैर धोक्याची असते.

एक गोष्ट ठासून सांगतो. इथे ‘दारू’ म्हटलं की काळी दारू किंवा ठासणीच्या बंदुकांसाठी बनवलेली पर्यायी दारू एवढंच अभिप्रेत आहे. आधुनिक काडतुसातली धूररहित पावडर ठासणीच्या नळीत टाकली तर नळी फुटू शकते. तिच्यासाठी मुद्दाम बांधलेल्या मोजक्याच रायफली निघाल्या आणि ते त्यांच्या नळीवर व पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्या रायफलीवर तसं लिहिलेलं नसेल तर विषय संपला.

दुसरी पायरी: डब्यावरच्या नावातून ताकद ओळखा

डब्यावर ‘२०९’ लिहिलेलं असतं ते आकाराचं नाव आहे, ताकदीचं नाही. सगळे २०९ साधारण एकाच मापाचे, पण त्यांच्या ज्वाळेत बरंच अंतर असतं.

गरम गटात फेडरल २०९ए आणि सीसीआय २०९एम येतात. मधल्या गटात विंचेस्टरचा नेहमीचा डब्ल्यू२०९, सीसीआयचा साधा २०९, फिओचीचा ६१६ आणि चेडाइट हे धरता येतील. सौम्य गटात ठासणीसाठी मुद्दाम काढलेले विंचेस्टर आणि रेमिंग्टनचे वर सांगितलेले प्रायमर. ही क्रमवारी ढोबळ समजा. उत्पादनाची तुकडी बदलली की थोडा फरक पडतो, आणि मधल्या गटातली आपसातली चढाओढ तुमच्या रायफलीत वेगळी लागू शकते. पण गरम आणि सौम्य या दोन टोकांमधलं अंतर खरं आहे आणि ते नळीत हाताला जाणवतं.

नावातल्या एका अक्षरावर लक्ष ठेवा. सीसीआय २०९ आणि सीसीआय २०९एम हे दोन वेगळे प्रायमर आहेत. ‘एम’ म्हणजे मॅग्नम. घाईत चुकीचा डबा उचलला तर ट्रिपल सेव्हनमध्ये कडं जाड होईल आणि तुम्ही दोष दारूला द्याल.

जुने, कुणाच्या तरी कपाटातून निघालेले प्रायमर किंवा केपा असतील तर जरा थांबा. पूर्वीच्या प्रायमरांच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. तो हवेतली ओल ओढून घेतो आणि पोलाद गंजवतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशापासून लेड स्टिफनेटवर आधारित, न गंजवणारे प्रायमर हळूहळू सर्वत्र आले. आजचे सगळे नावाजलेले २०९ याच प्रकारचे किंवा शिसेरहित आहेत. किटण कमी करायच्या नादात गंजाचं कारण नळीत घालू नका.

तिसरी पायरी: प्रायमर बसतो कसा?

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात.

२०९ प्रायमरच्या मागच्या टोकाला कडा असते. रायफल बंद केली की ही कडा ब्रीच प्लग आणि बोल्टचा किंवा घोड्याकडचा दर्शनी भाग यांच्या मध्ये दाबून धरली गेली पाहिजे. तिथे फट राहिली तर स्फोटाच्या दाबाने प्रायमर मागे सरकतो आणि त्याच्या कडेने वायू सुटतो. दुर्बीण काळी होते, बंद होणारे भाग चिकट होतात, आणि उष्णतेचा काही भाग दारूकडे जायचा सोडून मागे वाया जातो. म्हणजे ज्याने फेडरल २०९ए आणला, त्याला प्रत्यक्षात मधल्या प्रायमरएवढाच जोर मिळतो आणि काजळी मात्र दुप्पट.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रायमरांच्या व्यासात आणि लांबीत केसभर फरक असतो. चेडाइट आणि फिओची अनेक रायफलींत विंचेस्टरपेक्षा घट्ट बसतात, याचा अनुभव शॉटगनची काडतुसं भरणाऱ्यांनाही असतो. म्हणून एका मित्राच्या रायफलीत स्वच्छ चालणारा प्रायमर तुमच्या रायफलीत काजळी ओकू शकतो आणि दोघंही खरं बोलत असतात.

तपासणी अशी करा. रायफल रिकामी आहे याची गज घालून खात्री करा: गज रिकाम्या नळीत जिथपर्यंत जातो ती खूण त्यावर कायमची करून ठेवलेली असावी. मग एक उडवलेला, म्हणजे मेलेला प्रायमर घ्या, ज्याची कडा सरळ आहे. तो खळग्यात बसवून रायफल हळू बंद करा. किंचित अडकल्यासारखं वाटून बंद झाली तर उत्तम. काहीच जाणवलं नाही तर प्रायमरच्या मागच्या बाजूला साध्या पारदर्शक चिकटपट्टीचा एक गोल तुकडा लावा आणि पुन्हा बंद करून पाहा. अशा पट्टीची जाडी साधारण ०.०५ मिलिमीटर असते. एका थरात अडकू लागलं तर फट नगण्य आहे. तीन-चार थर लावूनही सहज बंद होत असेल, तर वायू सुटणार हे गृहीत धरा.

ही तपासणी जिवंत प्रायमरवर करायची नाही. आणि प्रायमर जास्त घट्ट असेल, रायफल बंद होत नसेल, तर जोर लावून बंद करायची नाही. दाबाने प्रायमर पेटू शकतो.

फट जास्त असेल तर तीन वाटा आहेत. पहिली आणि सोपी म्हणजे दुसऱ्या कंपनीचा, जाड कडेचा किंवा किंचित लांब प्रायमर बघणं. दुसरी, खळग्याच्या तळाशी रबरी ओ-रिंग असलेला ब्रीच प्लग. काही कंपन्या तो मूळ रायफलीसोबतच देतात, पण ती रिंग झिजते आणि बदलावी लागते हे लोक विसरतात. तिसरी, कमीजास्त करता येणारा प्लग किंवा पातळ चकती. हे काम जाणकार बंदूक कारागिराकडून करून घ्यावं. ब्रीच प्लग अर्धवट सैल ठेवून फट भरून काढण्याचा ‘जुगाड’ कुणी सुचवला तर त्याच्या शेजारी उभं राहून नेमबाजी करू नका.

उडवलेला प्रायमर पुष्कळ काही सांगतो. तो फेकून देऊ नका, निरखून बघा. काजळी फक्त पुढच्या तोंडाशी असेल आणि बाजू पितळी चमकत असेल तर बंदिस्ती चांगली आहे. बाजूने थेट कडेपर्यंत काळे ओघळ आले असतील तर वायू सुटतोय. प्रायमर काढताना ओढावा लागत असेल तर खळग्यात किटण साठलंय किंवा प्रायमर फुगतोय. पहिलं धुऊन जातं. दुसरं वारंवार होत असेल तर दारूचं माप आणि ठिणगीचं छिद्र, दोन्ही तपासा.

चौथी पायरी: ठिणगीचं छिद्र

ब्रीच प्लगमधून दारूकडे जाणारं छिद्र नव्या इनलाइन प्लगमध्ये साधारण ०.०२८ ते ०.०३२ इंच, म्हणजे मिलिमीटरच्या पाऊण भागाच्या आसपास असतं. प्रत्येक फैरीला दोन्ही बाजूंनी तापलेला वायू त्यातून जातो आणि ते हळूहळू खात मोठं होतं. मोठं छिद्र म्हणजे नळीतला दाब प्रायमरवर जास्त जोराने उलटा येणार. परिणामी मागची काजळी वाढते, नेमही बिघडू लागतो.

बारीक ड्रिल बिटांचा क्रमांकवार संच घ्या आणि त्यांचे दांडे मापक म्हणून वापरा. ते फिरवायचे नाहीत. नवीन प्लगमध्ये कोणता बिट जेमतेम जातो ते लिहून ठेवा. ०.०३५ इंचांच्या पुढचा बिट सहज जाऊ लागला की प्लग बदलायची तयारी करा. मागच्या काजळीवर वर्षभर प्रायमर बदलत बसलेल्या माणसाला नवा प्लग टाकल्यावर पहिल्याच दिवशी फरक दिसतो.

पाचवी पायरी: मैदानावर तुलना

आता दोन किंवा जास्तीत जास्त तीन प्रायमर निवडून तुलना करायची. एका दिवशी एकच गोष्ट बदला. दारू, माप, गोळी, सॅबो (गोळीभोवतीचं प्लास्टिकचं आवरण), ठासण्याचा जोर, दोन फैरींमधलं अंतर सगळं तसंच ठेवा. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, नळीचं तोंड कायम लक्ष्याच्या दिशेने हे गृहीत धरतो.

सुरुवात पूर्ण स्वच्छ आणि कोरड्या नळीने करा. साठवणुकीसाठी लावलेलं तेल आधी कोरड्या चिंधीने काढा. खनिज तेल उरलं तर पहिल्या फैरीनंतर त्याचा डांबरासारखा थर होतो आणि मग तुम्ही प्रायमरची नाही, तेलाची परीक्षा घेत असता. त्यानंतर रिकाम्या नळीने, गज बाहेर काढून, एखादा प्रायमर नुसताच उडवा. नळीच्या तोंडाजवळ जमिनीवर वाळलेलं पान किंवा कागदाचा कपटा ठेवा. तो हलला तर वाट मोकळी आहे. एक पुरे. पाच-सहा प्रायमर उडवण्याची सवय असते काहींना. त्याने ज्वालेच्या वाटेत प्रायमरची काजळी विनाकारण साठते.

मग भरा आणि गोळी दारूवर टेकली की गजावर दुसरी खूण करा. ही खूण तुमचं खरं मोजमाप आहे. फैर झाडा. चिंधी न फिरवता दुसरी गोळी ठासा आणि दोन गोष्टी टिपा: गज कुठे अडला, आणि गोळी खुणेपर्यंत पोचली का. कडं जाड असेल तर गोळी खुणेच्या वरच अडकेल. अशा वेळी फैर झाडायची नाही. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळीला इजा होऊ शकते. आधी ती खाली बसवा, बसत नसेल तर पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने भार बाहेर काढा.

प्रत्येक प्रायमरसोबत तीन ते पाच फैरींची मालिका घ्या, मग नळी पूर्ण धुवा आणि पुढचा प्रायमर घ्या. वहीत ठासताना लागलेला जोर (सोपा, मध्यम, अडला), खुणेपासूनचं अंतर, प्रायमरच्या कडेची काजळी, आणि फैर लगेच उडाली की किंचित थांबून, एवढं लिहिलं की पुरतं. हवामानही लिहा. कोरड्या, गरम हवेत काळ्या दारूचं किटण कडक होतं, दमट हवेत मऊ राहतं. दोन वेगळ्या दिवसांची तुलना याच कारणाने फसते.

निकाल वाचताना क्रम असा ठेवा. उशिरा पेटलेली फैर एकदाही आली तर तो प्रायमर त्या दारूसाठी बाद, कडं कितीही पातळ असो. उरलेल्यांमध्ये ज्याचं कडं कमी तो निवडा. बरोबरी झाली तर कडेने कमी काजळी सोडणारा. आणि मग थंडीच्या दिवसात पुन्हा एकदा खात्री करा. सौम्य प्रायमर उन्हाळ्यात निर्दोष चालतो आणि कडाक्याच्या थंडीत कधीकधी कच खातो.

चाप ओढून काहीच झालं नाही तर रायफल लक्ष्याकडेच रोखून किमान एक मिनिट थांबा. पुस्तिका जास्त सांगत असेल तर तेवढं. त्यानंतरच प्रायमर काढा.

दोन फैरींमधली चिंधी

प्रायमर कितीही योग्य असला तरी काळी दारू, पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हनसोबत चिंधी टळत नाही. चिंधी दमट हवी, निथळणारी नको. जास्त पाणी ज्वालेच्या वाटेत उतरतं आणि पुढच्या फैरीला तुम्ही प्रायमर दमदार नाही म्हणून हळहळता. एक दमट चिंधी, उलटून तीच दुसऱ्या बाजूने, मग एक कोरडी. कड्यापर्यंत पोचल्यावर गज थोडा मागेपुढे करत खाली न्या. एका झटक्यात ढकलला तर मऊ झालेलं किटण प्लगच्या तोंडात जाऊन बसतं.

छोट्या प्रायमरची वाट

२०९ मुळातच गरजेपेक्षा मोठा आहे, असं मानणाऱ्यांनी बदलपट्ट्या (अडॅप्टर) काढल्या, ज्यात २०९च्या जागी रायफलच्या काडतुसाचा छोटा प्रायमर बसतो. ट्रिपल सेव्हनच्या कड्यावर हा चांगला उपाय आहे. पण बदलपट्टी तुमच्याच प्लगच्या मापाची असली पाहिजे, नाहीतर फटीचा प्रश्न दुसऱ्या दाराने परत येतो. वेगळ्या कारणाने हीच दिशा जोरकस रायफलींनीही धरली: सीव्हीए पॅरामाउंटमध्ये मोठा रायफल प्रायमर व्हरिफ्लेम बदलपट्टीत बसतो, आणि रेमिंग्टनच्या ७०० अल्टिमेट मझललोडरमध्ये प्रायमर पितळी नळकांड्यात असतो, जे वायूला मागे येऊ देत नाही. बंदिस्ती चांगली म्हणून मागचा भाग स्वच्छ. आपल्या साध्या इनलाइनमध्ये ते प्लग बसवण्याचा विचार मात्र उत्पादकाला विचारल्याशिवाय नको.

केपेच्या बंदुका

इथे निवड थोडक्यात उरकते. ११ नंबरची केप काळ्या दारूला पुरते; पायरोडेक्ससाठी ११ नंबरची मॅग्नम किंवा मस्केट केप. मस्केट केपेला वेगळी, जाड चूची (केप जिच्यावर बसते ती पोकळ खुंटी) लागते. केप चूचीवर अंगठ्याने पूर्ण खाली बसली पाहिजे. सैल म्हणून चिमटीत दाबून बसवलेली केप घोड्याचा पहिला दणका बसण्यातच घालवते आणि दुसऱ्या दणक्याला उडते. केप सैल असेल तर दुसऱ्या कंपनीची आणा किंवा चूची बदला. चूचीचं भोक झिजलं की घोडा मागे उसळतो आणि केपेचे तुकडे व काजळी तोंडाकडे येते, ते दुरुस्तीचं लक्षण. केपेची ही तऱ्हा तशी जुनी: १८०७ मध्ये अलेक्झांडर फोरसिथ या स्कॉटिश पाद्र्याने दणक्याने पेटणाऱ्या मिश्रणाचं पेटंट घेतलं आणि चकमकीचे दिवस भरले.

शिकारीसाठी वापर असेल तर नियम आधी वाचा. अमेरिकेतल्या आयडाहोसारख्या राज्यात केवळ ठासणीच्या बंदुकांच्या हंगामात २०९ प्रायमरला मनाई आहे. केप किंवा चकमकच चालते. तिथे हा सगळा २०९चा हिशेब कामाचा नाही.

घरी आल्यावर

त्याच दिवशी धुवा. पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन यांच्या अवशेषात क्लोराइड असतं आणि ते काळ्या दारूच्या किटणापेक्षाही लवकर गंज धरवतं. कोमट पाणी आणि साबण पुरे. ब्लॅकहॉर्नला पाणी उपयोगाचं नाही, तिथे आधुनिक काडतुसांसाठीचं द्रावण लागतं.

ब्रीच प्लग दरवेळी काढा. ज्वालेच्या वाटेत कार्बनचा कडक थर जमतो, विशेषतः गरम प्रायमर आणि ब्लॅकहॉर्न या जोडीने. तो द्रावणाने जात नाही. एक अष्टमांश इंची ड्रिल बिट हातात धरून, हलक्या हाताने फिरवून खरवडा. यंत्राला लावू नका, आणि ठिणगीच्या बारीक छिद्रात तो घुसवू नका. छिद्रासाठी मऊ तार. मग आट्यांना उष्णता सहन करणारं वंगण लावून प्लग परत बसवा.

हात धुवा. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाची संयुगं असतात आणि ती काजळीतून बोटांवर येतात. प्रायमर मूळ खोक्यातच ठेवा, बरणीत ओतून ठेवू नका. एकत्र ठेवलेले प्रायमर एकमेकांना पेटवू शकतात. तेलकट बोटांनी हाताळलेला प्रायमर पुढच्या वेळी उशिरा पेटला, तर प्रायमर बदलायच्या आधी बोटं आठवा. डब्यावर तारीख आणि तुकडीचा क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे नवा डबा उघडल्यावर कड्याची जाडी बदलली तर कारण शोधायला जागा असेल.